घरगुती इंटरनेट रेडिओ सर्व्हर : जोडणीतील अडचणी व त्यांचे निवारण

घरगुती इंटरनेट रेडिओ सर्व्हर म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरातील संगणकावरून, घरच्याच इंटरनेट जोडणीच्या आधारे, ध्वनीचे अखंड प्रक्षेपण करण्यासाठी उभारलेली व्यवस्था होय. यासाठी लागणारी आज्ञावली बहुधा विनामूल्य मिळते व साधा जुना संगणकही पुरतो. तरीही 'सर्व्हर चालू आहे, पण बाहेर कोणालाच ऐकू येत नाही' हा अनुभव अशा प्रक्षेपकांना सर्वाधिक येतो. ध्वनी श्रोत्यापर्यंत पोहोचेपर्यंत प्रेषक आज्ञावली, सर्व्हर, घरातील राउटर, सेवापुरवठादाराचे जाळे आणि श्रोत्याचे उपकरण अशा अनेक टप्प्यांतून जातो. यांपैकी कोणताही एक टप्पा तुटला तरी श्रोत्याच्या बाजूने दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे शांतता. त्यामुळे निवारणाचे बहुतेक काम दुरुस्तीचे नसून तुटलेला टप्पा शोधण्याचे असते.

पार्श्वभूमी

इंटरनेटवरून नभोवाणीसदृश कार्यक्रम देण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेत कार्ल मालामुद यांनी १९९३ साली 'इंटरनेट टॉक रेडिओ' या नावाने केला. मात्र घरबसल्या प्रक्षेपण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते त्या दशकाच्या अखेरीस, नलसॉफ्ट कंपनीचे शाउटकास्ट आणि मुक्त स्रोत असलेले आइसकास्ट हे दोन सर्व्हर उपलब्ध झाल्यावर. आइसकास्टची सुरुवात १९९८ साली झाली. पुढे झिफ संस्थेच्या छत्राखाली तो वाढला व आजही घरगुती प्रक्षेपकांत तोच अधिक प्रचलित आहे. या लेखातील तपशील प्रामुख्याने आइसकास्टच्या दुसऱ्या आवृत्तीस लागू पडतात.

भारतात या माध्यमाचे महत्त्व थोडे निराळे आहे. समुदाय नभोवाणीचे धोरण २००६ साली स्वयंसेवी संस्थांना खुले झाले. परंतु व्यक्तीला त्या धोरणाखाली परवाना मिळू शकत नाही. शिवाय अशा केंद्राचा पल्ला साधारणतः १० ते १५ किलोमीटर असतो. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार केल्यास याचा अर्थ स्पष्ट होतो. अक्कलकोटहून सोलापूर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते, आणि गावातून नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेली कुटुंबे पुण्यामुंबईपर्यंत पसरलेली आहेत. गावातील भजन, कीर्तन किंवा मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांतील गप्पा या पांगलेल्या श्रोत्यांपर्यंत न्यायच्या असतील, तर एकट्या माणसाला परवडणारा मार्ग इंटरनेटचाच उरतो. म्हणूनच घरची जोडणी बाहेरून येणारा श्रोता स्वीकारते की नाही, या वरकरणी तांत्रिक प्रश्नावर बरेच काही अवलंबून असते.

रचना

ध्वनिवर्धकाचा किंवा साठवलेल्या गाण्यांचा आवाज प्रथम प्रेषक आज्ञावली घेते, तो संकुचित करते आणि सर्व्हरकडे पाठवते. बट, मिक्स व लिक्विडसोप या अशा काही आज्ञावली आहेत. सर्व्हर तो प्रवाह एका ठरावीक नावाच्या मार्गावर ठेवतो. या मार्गास माउंट पॉइंट म्हणतात. श्रोते त्या मार्गाशी जोडले जातात आणि प्रत्येक श्रोत्याला प्रवाहाची स्वतंत्र प्रत मिळते. आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून एकदा सोडलेली लहर दहा जणांनी ऐकली काय किंवा दहा हजारांनी ऐकली काय, मनोऱ्याला फरक पडत नाही. येथे मात्र श्रोता वाढला की घरच्या जोडणीवरचा भार तितकाच वाढतो.

आइसकास्ट सहसा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. पोर्ट म्हणजे एकाच संगणकावरील निरनिराळ्या सेवांना दिलेले क्रमांक होत. (या लेखात आकडे देवनागरीत दिले असले, तरी संगणकावर ते इंग्रजी अंकांतच भरावे लागतात.)

तपासणीचा क्रम

तपासणी आतून बाहेर करावी. प्रथम ज्या संगणकावर सर्व्हर चालू आहे, त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता व ८००० हा पोर्ट देऊन सर्व्हरचे स्थितिदर्शक पान उघडते का ते पाहावे. हा पत्ता प्रत्येक संगणकासाठी 'मी स्वतः' असा अर्थ बाळगतो. येथेच पान उघडले नाही, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे; राउटरला हात लावण्याचे कारण नाही. त्यानंतर घरातील दुसऱ्या संगणकावरून किंवा वाय-फायवरील मोबाईलवरून सर्व्हरचा घरगुती पत्ता उघडून पाहावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पहिली पायरी जमली आणि ही अडली, तर सर्व्हर असलेल्या संगणकाची फायरवॉल जवळजवळ निश्चितपणे कारणीभूत असते. तिसऱ्या पायरीत मोबाईलचे वाय-फाय बंद करून, मोबाईलच्या स्वतःच्या डेटावरून, घराचा सार्वजनिक पत्ता उघडावा.

तिसऱ्या पायरीत वाय-फाय बंद करणे अत्यावश्यक आहे. पुष्कळ घरगुती राउटर घरातूनच निघून घराच्याच सार्वजनिक पत्त्याकडे वळणारी मागणी हाताळू शकत नाहीत. अशा वेळी बाहेरचे श्रोते सुखाने ऐकत असतात आणि घरमालक मात्र आपले केंद्र बंद आहे असे समजून चालू मांडणी विस्कटून बसतो.

अपयशाचे स्वरूपही नीट पाहावे. 'जोडणी नाकारली' असा संदेश तत्काळ येत असेल, तर मागणी बहुधा कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. या उलट बराच वेळ वाट पाहून 'वेळ संपली' असा संदेश येत असेल, तर मागणी वाटेतच हरवली आहे किंवा एखाद्या फायरवॉलने ती मुकाट्याने टाकून दिली आहे. पहिल्या प्रकारात सर्व्हर चालू आहे का आणि पोर्ट बरोबर आहे का हे पाहावे, दुसऱ्या प्रकारात वाट तपासावी. हा एक भेद लक्षात ठेवल्यास कित्येक तासांची शोधाशोध वाचते.

सर्व्हर आणि प्रेषक आज्ञावली

प्रेषक आज्ञावली सर्व्हरशी जोडली जात नसेल, तर पासवर्डाचा घोटाळा सर्वांत आधी तपासावा. आइसकास्टमध्ये प्रेषकासाठी एक आणि व्यवस्थापकासाठी दुसरा असे निराळे पासवर्ड असतात, व त्यांची अदलाबदल होते. सर्व्हरने ४०१ हा क्रमांक परत केला तर पासवर्ड चुकलेला असतो. ४०३ आल्यास बहुधा त्याच माउंट पॉइंटवर दुसरा प्रेषक आधीच बसलेला असतो. प्रेषक संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की जुनी जोडणी काही सेकंद तशीच राहते आणि हा संदेश मिळतो. श्रोत्याला ४०४ दिसला तर त्या नावाचा माउंट पॉइंट अस्तित्वात नाही, म्हणजे एक तर नाव चुकले आहे किंवा प्रेषक जोडलेला नाही.

शाउटकास्टच्या जुन्या पद्धतीत प्रेषकासाठी श्रोत्यांच्या पोर्टच्या पुढचा क्रमांक, म्हणजे ८००० असल्यास ८००१, वापरला जातो. आज्ञावलीत सर्व्हरचा प्रकार चुकीचा निवडला गेला, तर सर्व काही बरोबर भरूनही जोडणी होत नाही.

सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलीत 'होस्टनेम' या जागी आरंभी 'लोकलहोस्ट' असे लिहिलेले असते. ते तसेच राहिले, तर सर्व्हर रेडिओ केंद्रांच्या सार्वजनिक सूचीला आपला पत्ता म्हणून हेच नाव कळवतो. परिणामी सूचीतील दुव्यावर टिचकी मारणारा श्रोता स्वतःच्याच संगणकावर रेडिओ शोधू लागतो.

प्रेषक जोडला गेला, श्रोतेही जोडले गेले, पण आवाज नाही, ही खरे तर जोडणीची अडचण नव्हे. संगणकाने आज्ञावलीला ध्वनिवर्धक वापरण्याची अनुमती दिलेली नसते, एवढेच.

राउटर व अंतर्गत पत्ते

घरातील राउटरचे काम जुन्या वाड्याच्या उदाहरणाने समजते. वाड्याला टपालाचा पत्ता एकच असतो, आत बिऱ्हाडे अनेक. आतल्या बिऱ्हाडकरूने बाहेर पत्र धाडले, तर त्याचे उत्तर कोणाकडे द्यायचे हे दिंडी दरवाजावरच्या माणसाच्या लक्षात असते. परंतु बाहेरून आपण होऊन आलेल्या पत्रावर केवळ वाड्याचाच पत्ता असेल, तर ते कोणाचे हे त्याला कळत नाही व तो ते बाजूला टाकतो. श्रोत्याची मागणी हे असेच अनपेक्षित पत्र असते. '८००० क्रमांकाचे टपाल अमुक बिऱ्हाडी द्यावे' असा नियम राउटरमध्ये घालून ठेवणे म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग होय.

हा नियम केल्यावर काही दिवस सुरळीत जातात आणि मग एखाद्या दिवशी प्रक्षेपण अकस्मात बंद पडते. अशा वेळी आदल्या रात्री वीज गेली होती का, हे पहिले विचारावे. घरातील उपकरणांना अंतर्गत पत्ते राउटर वाटतो. वीज परत आल्यावर उपकरणे निराळ्या क्रमाने जागी होतात व सर्व्हरचा जुना पत्ता कधी कधी दूरचित्रवाणी संचाला किंवा मोबाईलला जातो. नियम तोच राहतो, टपाल मात्र भलत्या बिऱ्हाडी पडते. सर्व्हरसाठी एक पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवल्यास हा दोष उद्भवत नाही.

पुष्कळ घरांत फायबर जोडणीसोबत आलेल्या यंत्रातच राउटर असतो आणि त्याला घरमालकाने आणलेला दुसरा राउटर जोडलेला असतो. म्हणजे वाड्याला दोन दरवाजे एकामागे एक. नियम दोन्ही दरवाजांवर हवा, अथवा पहिल्या यंत्राला 'ब्रिज' पद्धतीत ठेवून त्याचा दरवाजा काढून टाकावा.

सामाईक सार्वजनिक पत्ता

वरील सर्व उपाय करूनही यश येत नसेल, तर कारण घराबाहेर असते, आणि भारतातील घरगुती प्रक्षेपकाला सध्या सर्वाधिक अडवणारे कारण हेच आहे.

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते ३२ बिटांचे असल्याने त्यांची कमाल संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच आहे. हे पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेने आपल्याकडील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये विभागीय संस्थांना दिले. भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात मोडतो, त्याचा मोकळा साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आटला आणि तेथून काटकसरीने वाटप सुरू झाले. भारतातील इंटरनेटचा मोठा विस्तार त्यानंतरचा आहे. साहजिकच अनेक सेवापुरवठादारांनी शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची पद्धत स्वीकारली. तिला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. वाड्याच्या भाषेत सांगायचे तर येथे वाड्यालाच स्वतंत्र पत्ता उरत नाही. साऱ्या पेठेचा मिळून एक पत्ता असतो. पेठेच्या वेशीवर बसलेला माणूस वाडेकऱ्याच्या नोकरीत नसल्याने त्याला कोणताही नियम घालून देता येत नाही.

व्हिडिओ पाहणे, पत्रव्यवहार, बँकेची कामे यांत ग्राहकाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्या सर्व जोडण्या घरातून बाहेर निघतात. बाहेरून आत येणारी जोडणी लागते ती ध्वनिप्रक्षेपकासारख्या मोजक्या लोकांना. त्यामुळे ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवर 'आपले इंटरनेट तर चालू आहे' असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर खरेही असते.

आपली जोडणी या प्रकारची आहे का, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता दिलेला असतो. आपला पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. भिन्न असतील, आणि घरात दुसरा राउटर नसेल, तर पत्ता सामाईक आहे. राउटरवरील पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला असेल, तर शंका उरत नाही, कारण हा गट २०१२ साली याच कारणासाठी राखून ठेवण्यात आला. काही ठिकाणी १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही याच कामी वापरले जातात.

यावर सरळ उपाय म्हणजे पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घेणे. त्यासाठी बहुधा वेगळे शुल्क पडते आणि सर्वच घरगुती योजनांत ती सोय नसते. सार्वजनिक पण बदलता पत्ता मिळत असेल, तर डायनॅमिक डीएनएस सेवेने एक स्थिर नाव त्या बदलत्या पत्त्याला जोडता येते. पत्ता बदलताच आधी जोडलेले श्रोते तुटतात व नवी नोंद पसरेपर्यंत काही मिनिटे जातात, हे गृहीत धरावे. ही सेवा सामाईक पत्त्यावर मात्र निरुपयोगी आहे. नाव पेठेपर्यंतच पोहोचते, घरापर्यंत नाही. नवशिक्यांचा बराच वेळ येथे वाया जातो.

दुसरा उपाय दिशा उलटी करण्याचा आहे. बाहेर एखादा लहान सर्व्हर भाड्याने घेऊन आइसकास्ट तेथे चालवावा आणि घरातून फक्त प्रेषक आज्ञावली त्याच्याशी जोडावी. ही जोडणी आतून बाहेर जाणारी असल्याने वेशीवर अडत नाही. आइसकास्टमध्ये 'रिले' नावाची सोय आहे, पण तिचा येथे उपयोग होत नाही, कारण रिले करणारा सर्व्हर मूळ सर्व्हरकडून प्रवाह स्वतः ओढून घेतो. म्हणजे पुन्हा बाहेरूनच आत यावे लागते. घरचाच सर्व्हर वापरण्याचा आग्रह असेल, तर बाहेरच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डसारखा बोगदा घरातून काढावा लागतो. तो निष्क्रिय पडून वेशीवरील नोंद पुसली जाऊ नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवण्याची सोय त्यात करून ठेवतात.

तिसरा मार्ग इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीचा. तिचे पत्ते १२८ बिटांचे असल्याने प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच राहत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करणे पुरते. भारतात निम्म्याहून अधिक वापरकर्ते या आवृत्तीने जोडले जाऊ शकतात. तथापि ज्या श्रोत्याची जोडणी केवळ चौथ्या आवृत्तीची आहे, त्याला असे केंद्र दिसतच नाही. 'माझ्याकडे ऐकू येते, भावाकडे येत नाही' अशा तक्रारीमागे कधी कधी हे कारण असते.

तुटक प्रक्षेपण

जोडणी होते पण आवाज तुटतो, तेव्हा अपलोडचा वेग पाहावा. जाहिरातीत ठळक दिलेला वेग सहसा डाउनलोडचा असतो. १२८ किलोबिटांचा प्रवाह २५ श्रोत्यांना पाठवायचा तर ३.२ मेगाबिट अपलोड अखंड लागतो. तांब्याच्या तारेवरील जुन्या एडीएसएल जोडणीत अपलोड जेमतेम एक मेगाबिटपर्यंत जात असे. तेथे सात-आठ श्रोत्यांतच मर्यादा गाठली जाई. फायबरवर हा प्रश्न बराच निवळला आहे, पण महिन्याच्या डेटा मर्यादेचा उरतो. हेच २५ श्रोते दिवसरात्र ऐकत राहिले तर दिवसाला सुमारे ३४.५ जीबी व ३० दिवसांत हजार जीबीच्या वर डेटा जातो. केवळ भाषण किंवा प्रवचन असेल तर ओपस पद्धतीत ३२ किलोबिटही पुरेसे होतात व हा सर्व खर्च चौथाईवर येतो.

एखादा श्रोता प्रवाहाच्या फार मागे पडला, तर आइसकास्ट त्याला स्वतःहून तोडतो व तशी नोंद दोषांच्या नोंदवहीत करतो. मूळ मांडणीत सर्व्हर ५,२४,२८८ बाइट राखून ठेवतो, म्हणजे १२८ किलोबिटांच्या प्रवाहाचे सुमारे ३२ सेकंद. अशी नोंद एकाच श्रोत्याबाबत असेल तर दोष त्याच्या जोडणीत आहे; सर्वांबाबत एकाच वेळी दिसत असेल तर घरचा अपलोड भरून गेला आहे. घरातील सुरक्षा कॅमेरा किंवा मोबाईलमधील छायाचित्रांची प्रत परस्पर वर चढवणारी सेवा हा भार गुपचूप वाढवते.

प्रेषकाकडून १० सेकंद काहीच आले नाही, तर सर्व्हर माउंट पॉइंट बंद करतो आणि सर्व श्रोते सुटतात. पर्यायी माउंट पॉइंट नेमून ठेवल्यास ते त्यावर वळवले जातात. मात्र त्याची ध्वनिपद्धती मूळ प्रवाहासारखीच असावी लागते. प्रेषक संगणक वाय-फायऐवजी तारेने जोडणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वीज व उष्णता

वीज क्षणभर जाऊन आली तरी फायबरचे यंत्र व राउटर पुन्हा सुरू होऊन जोडणी स्थिरावण्यास दोन-चार मिनिटे लागतात. केवळ संगणकाला यूपीएस लावून हा प्रश्न सुटत नाही. फायबरचे यंत्र व राउटर यांनाही बॅटरीचा आधार हवा. सोलापूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. रास्पबेरी पाय या लहान संगणकाचे अंतर्गत तापमान ८० अंशांच्या आसपास गेले की तो आपली गती आपोआप कमी करतो, आणि ध्वनी संकुचित करण्याचे काम मागे पडून प्रवाह अडखळतो. दुपारी तुटणारे आणि रात्री सुरळीत चालणारे प्रक्षेपण पाहून दोष पुरवठादाराला देण्याआधी पत्र्याखालच्या त्या संगणकाला हात लावून पाहावा.

श्रोत्याच्या बाजूच्या अडचणी

काही महाविद्यालये व कार्यालये आपल्या जाळ्यातून ८० व ४४३ हेच पोर्ट बाहेर जाऊ देतात. तेथील श्रोत्याला ८००० पोर्टवरील केंद्र ऐकू येत नाही. तसेच सुरक्षित संकेतस्थळाच्या पानात असुरक्षित प्रवाहाचा दुवा बसवला, तर ब्राउझर तो वाजवण्यास नकार देतात. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच, तो म्हणजे सर्व्हरच्या पुढे प्रमाणपत्र असलेली मध्यस्थ सेवा ठेवून प्रवाह ४४३ पोर्टवरून देणे. व्यवस्थापनाचे पानही त्यामुळे कूटबद्ध मार्गाने उघडता येते. पोर्ट उघडा झाल्यापासून थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे तो चाचपून पाहू लागतात. आइसकास्टच्या नमुना मांडणीत आलेला मूळ पासवर्ड जगभर ठाऊक असल्याने तो पोर्ट उघडण्यापूर्वीच बदलावा लागतो.